ॲडव्हान्समधली कपात: बेळगाव-निपाणीच्या भाडेकरूंनी काय मागावं, कुठं मागावं

मे-जून आला की घरं बदलतात. कॉलेजची वर्षं संपतात, बदल्यांचे आदेश निघतात, आणि टिळकवाडीपासून निपाणीच्या गल्ल्यांपर्यंत टेम्पोत सामान चढू लागतं. त्याच सुमारास वाचकांचे तेच ते प्रश्न येतात. किल्ली दिली, पण ॲडव्हान्स अर्धाच परत आला. रंगाचे पैसे कापणं बरोबर आहे का? करार कन्नडमध्ये होता, मला वाचता येत नाही, तरी तो मला बांधील आहे का? मी आता कोल्हापूरला राहायला आलो, तर तक्रार बेळगावात करायची की इथं? एजंट फोन उचलत नाही, मालक म्हणतो एजंटला विचारा. मग पैसे आहेत तरी कुणाकडे?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. ॲडव्हान्स हा तुमचा पैसा आहे, मालकाकडे तारण म्हणून ठेवलेला. त्यातून रुपया कापायचा असेल तर तो का कापला हे कापणाऱ्यानं दाखवायचं असतं. मात्र तुम्ही ज्या कागदावर सही केली त्यात कपात आधीच मान्य केली असेल, तर निम्मी लढाई तिथंच हरलेली असते. म्हणून वाद घालण्याआधी करार काढून वाचा.

घर कुठल्या राज्यात आहे, तिथला कायदा

सीमाभागात हा प्रश्न हास्यास्पद वाटत नाही. निपाणीला लागून असलेलं अर्जुननगर, जिथं देवचंद कॉलेज आहे, ते कागल तालुक्यात म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात येतं. रस्त्याच्या अलीकडे खोली घेतली तर कर्नाटक, पलीकडे घेतली तर महाराष्ट्र. मालक कुठला, तुम्ही कुठले, करार कुठल्या भाषेत झाला, यानं फरक पडत नाही. घराच्या भाडेपट्ट्याला घर ज्या जमिनीवर उभं आहे तिथला कायदा लागतो.

यामुळे दोन घोटाळे नेहमी होतात. पहिला, निपाणीतल्या घराचा करार कोल्हापूरहून आणलेल्या ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या छापील नमुन्यावर केला जातो. त्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याची कलमं असतात. निपाणीत त्या कलमांचा काही उपयोग नाही. रक्कम, मुदत, नोटीस यांबद्दल दोघांनी जे कबूल केलं तेवढंच कामाचं.

दुसरा घोटाळा उलट बाजूचा. कोल्हापूर शहरात भाड्यानं राहून आलेल्यांना वाटतं की नोंदणीकृत करार नसेल तर भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं. महाराष्ट्राच्या कायद्याच्या कलम ५५ मध्ये तशी तरतूद खरंच आहे. ती सीमा ओलांडून टिळकवाडीत येत नाही.

मग बेळगाव-निपाणीत कोणता कायदा?

कर्नाटक भाडे कायदा १९९९ चा आहे आणि तो ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. पण महिन्याचं भाडं ठरावीक रकमेच्या वर असेल तर तो लागू होत नाही. ही मर्यादा कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या ‘अ’ भागातील शहरांसाठी ३,५०० रुपये आणि इतर ठिकाणी २,००० रुपये आहे. आज त्या भाड्यात बेळगावात धड खोलीसुद्धा मिळत नाही. त्यामुळे ‘रेंट कंट्रोलरकडे जातो’ ही धमकी बहुतेकांच्या बाबतीत पोकळ असते, आणि हे मालकालाही माहीत असतं.

तुमच्या कामाचा कायदा त्याहून जुना आहे: मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२. त्यातलं कलम १०८ सांगतं की भाडेकरूनं जागा जशी मिळाली तशी परत करावी, पण वापरानं होणारी वाजवी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीनं झालेले बदल सोडून. कपातीच्या वादाचा गाभा या एका वाक्यात आहे. मात्र करारात वेगळं लिहिलं असेल किंवा स्थानिक रिवाज वेगळा असेल, तर त्याला हे कलम वाट देतं. म्हणून पुन्हा करारच वाचायचा.

आणखी एक गैरसमज मोबाइलवर फिरत असतो: ‘सरकारनं डिपॉझिट दोन महिन्यांवर आणलं.’ केंद्रानं जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात घरांसाठी दोन महिन्यांची आणि इतर जागांसाठी सहा महिन्यांची मर्यादा सुचवली आहे हे खरं. पण तो राज्यांसाठीचा नमुना आहे. राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो दाखवून मालकाकडून काही वसूल करता येत नाही.

करारात नेमकं काय शोधायचं

करार कन्नडमध्ये असेल तर आधी तो कुणाकडून तरी शब्दशः वाचून घ्या. ‘मला भाषा येत नव्हती’ हे सांगून सही केलेल्या कागदातून सुटका मिळणं कठीण आहे. तुम्ही मोठे, शहाणे, वाचून घेण्याची संधी होती, असंच न्यायालय धरून चालतं. नवीन घर घेत असाल तर एजंटकडे सरळ मागा: रक्कम, नोटीस, रंग आणि दुरुस्ती ही चार कलमं मराठीतही लिहून, दोघांच्या सहीनं. नाही म्हणणारा एजंट भेटला तर तेवढ्यावरून बरंच कळतं.

हातातल्या करारात पुढील गोष्टी पाहा:

- रक्कम आणि परतीची तारीख. ‘घर सोडताना परत’ असं लिहिलं असेल तर उत्तम. ‘नवीन भाडेकरू आल्यावर’ असं असेल तर तुमचे पैसे अनोळखी माणसाच्या येण्यावर टांगलेले आहेत. असं कलम नव्या करारात येऊ देऊ नका.
- रंगाचं कलम. ‘सोडताना एका महिन्याचं भाडं रंगासाठी कापलं जाईल’ हा बंगळूरकडचा रिवाज. इकडच्या करारांतही ही ओळ सापडते. ती असेल तर एका महिन्याचं भाडं गेलं असं समजा, पण त्यावर आणखी रंगाचं बिल लावता येत नाही.
- नोटीस. करारात मुदत नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी सूचना पुरते. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर नवा कागद न करता तुम्ही भाडं देत राहिलात आणि मालक घेत राहिला, तर तुम्ही महिन्याचेच भाडेकरू ठरता.
- मुदत आणि नोंदणी. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. तीन वर्षांचा करार नुसता नोटरी करून ठेवला असेल आणि मालक ‘तीन वर्षं पूर्ण झाली नाहीत, ॲडव्हान्स जप्त’ म्हणत असेल, तर त्या मुदतीच्या आधारावर त्याचं म्हणणं टिकणं अवघड आहे. वकिलाला हा मुद्दा पहिल्यांदा दाखवा.
- स्टॅम्प. कमी किमतीच्या स्टॅम्पवरचा करार पुराव्यात घेण्याआधी न्यायालय राहिलेलं मुद्रांक शुल्क आणि त्याच्या दहापट दंड भरून घेऊ शकतं. शंभर-दोनशे रुपये वाचवणं अंगाशी येतं ते असं.

‘आधी घर सोडलं तर संपूर्ण रक्कम जप्त’ अशी कलमं बघून घाबरून जाऊ नका. कंत्राट कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयानं फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे.

झीज कुठं संपते, नुकसान कुठं सुरू होतं

बहुतेक भांडणं इथंच होतात, आणि आपल्या भागात ती पावसाळ्यानंतर जास्त होतात. बेळगावचा पाऊस भिंतीत मुरतो. शहापूर-वडगावच्या जुन्या कौलारू घरांत आढ्याजवळ ओल उतरते, रंगाचे पापुद्रे सुटतात, कपाटाच्या मागं बुरशी धरते. ही ओल तुमची नव्हे. छत, बाहेरची भिंत, गिलावा आणि भिंतीतली पाइप ही घराची अंगं आहेत. पुराचंही तसंच. २०१९ आणि २०२१ मध्ये वेदगंगा-दूधगंगेकाठी ज्या घरांत पाणी शिरलं, तिथल्या फुगलेल्या दारांचे पैसे भाडेकरूच्या ॲडव्हान्समधून कापणं कायद्याच्या शब्दांतच बसत नाही.

पण भाडेकरूनं गप्प बसून ओल वाढू दिली, तर मालकही विचारणारच की मला का कळवलं नाही? म्हणून पहिला डाग दिसताच फोटोसह व्हॉट्सॲपवर कळवा. तो एक संदेश पुढं हजारो रुपये वाचवतो.

साधारण विभागणी अशी करता येते. रंगाचा उडालेला उजळपणा, दारामागं हातांचे डाग, कॅलेंडरचे दोन-चार खिळे, सैल झालेली कडी, जुन्या नळाचा गेलेला वॉशर, गीझरच्या कॉइलवरचा क्षार: ही झीज. फुटलेलं बेसिन, ओट्याच्या कडाप्प्याला पडलेला तडा, मुलांनी भिंतभर काढलेली चित्रं, टीव्हीसाठी न विचारता पाडलेली आठ भोकं, कुत्र्यानं कुरतडलेली चौकट: हे नुकसान, आणि ते भरून द्यायला हवं. भाडेकरूंनी हेही मान्य केलं पाहिजे. सगळंच झीज म्हणून खपवायला गेलात की तुमची खरी तक्रारही ऐकली जात नाही.

आणि नुकसान असलं तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत तुमच्याकडून घेता येत नाही. दहा वर्षं वापरलेला गीझर तुमच्या हातून बिघडला तर मालकाचं नुकसान दहा वर्षं जुन्या गीझरचं झालं. ॲडव्हान्समधून घराचं नूतनीकरण होत नसतं.

एक हिशेब उलगडून पाहू

समजा, बेळगावात हिंदवाडीत तुम्ही तीन वर्षं राहिलात. भाडं ९,०००, ॲडव्हान्स ६०,०००. हातात आले ३१,५००. मालकाचा हिशेब असा: रंग १४,०००, प्लंबर ३,५००, लाइट बिल २,०००, नोटीस कमी दिली म्हणून ९,०००. एकूण २८,५००.

*रंग, १४,०००.* करारात रंगाचं कलम आहे का? असेल आणि त्यात एका महिन्याचं भाडं लिहिलं असेल, तर ९,००० वर थांबायचं. कलमच नसेल तर विचारा: तुम्ही आलात तेव्हा रंग ताजा होता का? तीन वर्षांत भिंतीचा रंग जुना होणारच. एका खोलीत खरोखर नुकसान झालं असेल तर त्या खोलीपुरता आणि जुनेपणा वजा करून खर्च द्या. रंगाऱ्याचं बिल मागा. बिल नाही, घर अजून रंगवलेलंही नाही, आणि नवीन भाडेकरू जुन्याच भिंतींत राहायला आला, असं असेल तर ही रक्कम उभी राहत नाही.

*प्लंबर, ३,५००.* काय बदललं? गळका फ्लश आणि दोन नळ असतील तर ती झीज. बेसिन तुमच्याकडून फुटलं असेल तर त्याचं बिल द्या. ‘प्लंबिंग काम’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी हे बिल नव्हे.

*लाइट बिल, २,०००.* हेस्कॉमचं बिल बघितल्याशिवाय एक पैसाही मान्य करू नका. ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली २०० युनिटच्या आत, ठरलेल्या सरासरीपर्यंतचा वापर असलेल्या घरांना शून्य बिल येतं, आणि योजना भाडेकरूंनाही आहे. बिल शून्य आलं असताना ‘लाइटचे’ म्हणून दरमहा पैसे घेतले गेल्याची उदाहरणं वाचक सांगतात. बिलावरचा आर. आर. नंबर जुळवा, तुमच्या शेवटच्या दिवसाचं मीटर रीडिंग जुळवा, मगच बोला. आणि घर सोडताना त्या आर. आर. नंबरशी जोडलेला तुमचा आधार सेवासिंधूवरून काढून घ्यायला विसरू नका, नाही तर नव्या घरी योजना घेताना अडचण येते.

*नोटीस, ९,०००.* करारात एक महिना होता आणि तुम्ही वीस दिवस आधी कळवलंत. कमी पडले दहा दिवस. पूर्ण महिना कशासाठी? शिवाय तुम्ही गेल्यानंतर पाचव्या दिवशी तिथं दुसरं कुटुंब राहायला आलं असेल, तर मालकाचं खरं नुकसान पाच दिवसांचं. हा मुद्दा मांडा, पण सौम्यपणे. दहा दिवसांच्या ३,००० वर तोडगा निघत असेल तर घ्या, असं आमचं मत.

अशा रीतीनं २८,५०० ची कपात बहुधा १०,००० ते १२,००० पर्यंत खाली येते. सगळे ६०,००० मागण्यापेक्षा ‘एवढं मान्य, एवढं अमान्य’ असं लिहिलेला कागद मालकाला उत्तर द्यायला भाग पाडतो, आणि लोक अदालतीत किंवा न्यायालयातही तोच वाचला जातो.

घर सोडण्याआधीचा महिना

१. सूचना लेखी द्या. व्हॉट्सॲप चालेल, पण ‘मी अमुक तारखेला घर रिकामं करतो, ॲडव्हान्स अमुक रुपये त्या दिवशी परत द्यावेत’ एवढं त्यात असू द्या आणि मालकाचं उत्तर जपून ठेवा.

२. आठवडाभर आधी मालकाला घर दाखवा. त्याचं काय म्हणणं आहे ते तेव्हाच कळलं तर नळ, बल्ब, खिळ्यांची भोकं यांची कामं तुम्ही स्वतः स्वस्तात करून घेऊ शकता. मालकानं आणलेला प्लंबर आणि तुम्ही आणलेला प्लंबर यांच्या बिलात फरक पडतोच.

३. तुम्ही बसवलेल्या वस्तू, म्हणजे पंखे, गीझर, पडद्यांचे रॉड, काढायचे असतील तर ताबा तुमच्याकडे असतानाच काढा, आणि जागा पूर्ववत करून द्या.

४. सामान निघाल्यावर, झाडून घेतल्यावर व्हिडिओ काढा. दारापासून सुरुवात करून एकही खोली न गाळता, नळ सोडून, दिवे लावून, मीटरचं रीडिंग दिसेल असा.

५. किल्ली आणि पैसे एकाच बैठकीत. मालक परगावी असेल तर किल्ली ज्याला द्याल त्याच्याकडून तारीख घालून पोच घ्या. पैसे मिळाले नाहीत म्हणून किल्ली महिनोन् महिने अडवू नका. तेवढ्या दिवसांचं भाडं तुमच्यावर चढवलं जाईल.

शेवटचे दोन महिने भाडं न देता ‘ॲडव्हान्समधून वळतं करा’ म्हणणं इकडं सर्रास चालतं. मालकानं लेखी होकार दिला असेल तर ठीक. एकतर्फी केलंत तर करार तुम्ही मोडला असं होतं, आणि मालकाला रागाबरोबर कारणही मिळतं. तरीही एक प्रामाणिक निरीक्षण नोंदवतो: ज्या मालकाचा ॲडव्हान्स बुडवण्याचा लौकिक गल्लीभर आहे, त्याच्याकडून असा लेखी होकार दोन महिने आधी मिळवणं हाच सर्वांत कमी त्रासाचा मार्ग ठरतो.

एजंट मध्ये असेल तर

एजंटचं कमिशन वेगळं, तुमचा ॲडव्हान्स वेगळा. कमिशन परत मिळत नाही, आणि ॲडव्हान्समधून कमिशन कापण्याचा अधिकार करारात लिहिल्याशिवाय एजंटला नाही. पैसे देताना ते मालकाच्या बँक खात्यात जावेत. एजंटच्या खात्यात किंवा रोख दिले असतील तर ‘अमुक घराच्या अमुक मालकाच्या वतीनं मिळाले’ अशी पावती लागते. ५,००० रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही घ्या.

पैसे एजंटनं मालकाला पोचवलेच नाहीत, असं नंतर उघड झालं तर? मालकानंच एजंटला घर द्यायला आणि पैसे घ्यायला नेमलं असेल, तर एजंटला दिलेले पैसे मालकाला दिल्यासारखेच. त्या दोघांनी आपसात भांडावं. म्हणून नोटीस पाठवताना दोघांचीही नावं घाला. आणि एजंटला मालकानंच नेमलं होतं हे दाखवणारा एखादा संदेश, पाटीचा फोटो किंवा जाहिरात शोधून ठेवा.

एजंटची सेवा ही ग्राहक संरक्षण कायद्याखालची सेवा ठरू शकते. जेवण, साफसफाई, लाँड्री देणाऱ्या पीजी आणि खासगी वसतिगृहांबद्दलही हे म्हणता येतं. उद्यमबाग, माच्छे किंवा नेहरूनगरच्या कॉलेजांभोवती राहणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. निव्वळ घर भाड्यानं देणारा मालक मात्र सहसा या कायद्यात बसत नाही. ग्राहक आयोगात जाण्याचा मोठा फायदा असा की २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथं राहतो तिथंही तक्रार दाखल करता येते. बेळगावच्या पीजीबद्दलची तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात चालू शकते. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून करता येते.

पैसे आले नाहीत तर, क्रमानं

पहिली पायरी हिशेब मागण्याची. फोनवर नव्हे, लिहून. मजकूर असा चालेल:

> ‘मी आपलं … येथील घर दि. … रोजी रिकामं करून किल्ली दिली. माझी अनामत रक्कम रु. … आपल्याकडे होती. त्यापैकी रु. … मिळाले. उरलेल्या रु. … च्या कपातीचा बाबवार हिशेब आणि बिलं १५ दिवसांत द्यावीत. पैकी रु. … ची कपात मला मान्य आहे. बाकीचे रु. … त्याच मुदतीत माझ्या खात्यात जमा करावेत. तसं न झाल्यास या पत्राच्या तारखेपासून त्या रकमेवर व्याजाची मागणी करीन.’

व्याजाचं वाक्य गाळू नका. १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे व्याज मागणार असल्याची लेखी सूचना दिली असेल, तर न्यायालय त्या सूचनेच्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. पत्र स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोचल्याचा पुरावा मागून घ्या. जुनं रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे.

यावर उत्तर आलं नाही तर विधी सेवा प्राधिकरण. बेळगावात जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला न्यायालयातच तालुका समिती असते. दावा न लावताही तिथं अर्ज देऊन मालकाला लोक अदालतीत बोलावता येतं. कोर्ट फी नाही. तडजोड झाली तर ती न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही, म्हणून आकडा नीट वाचूनच सही करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. वीस-पंचवीस हजारांच्या वादाला यापेक्षा बरा रस्ता आम्हाला माहीत नाही.

मालक तिथंही आला नाही, तर दिवाणी दावा. घर निपाणीत आणि मालक कोल्हापुरात राहत असेल, तर पैशाचा दावा दोन्हीकडे लावता येतो: जिथं व्यवहार झाला तिथं, किंवा मालक राहतो तिथं. तुम्ही राहता तिथं मात्र नाही. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा झटपट दावा बसतो का, हे वकिलाला विचारा. व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तोवर जुना फोन विकू नका.

पोलीस ठाणं हा ॲडव्हान्स वसुलीचा रस्ता नाही. ‘हे दिवाणी आहे’ असं तिथं सांगतील आणि बहुतेक वेळा ते बरोबर असेल. पण मालकानं तुमचं सामान आत असताना कुलूप ठोकलं, धमकावलं, लाइट-पाणी तोडलं, तर ११२ ला फोन करा आणि लेखी तक्रार द्या. कायद्याचा मार्ग सोडून घराबाहेर काढलं गेलं तर ताबा परत मिळवण्यासाठी विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. थकबाकीच्या नावाखाली तुमचं सामान किंवा मुलांची प्रमाणपत्रं ठेवून घेण्याचा हक्क कुठल्याही मालकाला नाही.

अर्ज मराठीत दिला तर?

देता येतो. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडण्याचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क तुम्हाला आहे. अर्ज मराठीत आहे म्हणून परत करणाऱ्या टेबलावर हा अनुच्छेद शांतपणे सांगा. तरी आमचा सल्ला व्यवहाराचा आहे: मराठी अर्जाला कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा. ॲडव्हान्सची लढाई आणि भाषेची लढाई एकाच अर्जात लढलात तर पहिली रेंगाळते. न्यायालयातल्या दाव्याचे कागद मात्र न्यायालयाच्या भाषेतच लागतात, तिथं हा अनुच्छेद पुढं करून उपयोग नाही.

इथं पाय घसरतो

- अर्धी रक्कम घेताना ‘पूर्ण हिशेब मिटला’ अशा कागदावर सही करणं. पैसे घ्या, पण ‘उर्वरित रकमेचा हक्क राखून’ असं लिहून. बँकेत आले असतील तर त्याच दिवशी तसा संदेश पाठवा.
- घर विकलं जात आहे हे कळूनही स्वस्थ बसणं. नवा मालक म्हणतो, मला ॲडव्हान्स मिळालाच नाही. जुना म्हणतो, मी तो किमतीत वळता केला. विक्रीची कुणकुण लागताच रक्कम कोण परत देणार हे तिघांच्या सहीनं लिहून घ्या.
- मधल्या काळात केलेल्या दुरुस्तीची बिलं टाकून देणं. करारानं मालकाची असलेली दुरुस्ती त्याला कळवूनही त्यानं वाजवी मुदतीत केली नाही, आणि तुम्ही केली, तर तो खर्च व्याजासह भाड्यातून वजा करण्याची मुभा मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ देतं. बिल नसेल तर मुभा कागदावरच राहते.
- मालकाला सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर बदनाम करणं. पैसे येत नाहीत, उलट नोटीस येते.

मुदतीचा हिशेब शेवटी. ॲडव्हान्स वसुलीच्या दाव्याला साधारणपणे रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. ‘दिवाळीनंतर देतो’, ‘उसाचं बिल आलं की देतो’ असं ऐकत ती कशी सरतात ते कळत नाही. मात्र या तीन वर्षांच्या आत मालकानं ‘अमुक रक्कम मी देणं लागतो’ असं लिहून, सही करून दिलं, तर त्या सहीच्या तारखेपासून तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. तेव्हा पुढच्या खेपेला तो ‘देतो’ म्हणाला, की खिशातून पेन काढा आणि तेवढी एक ओळ तारखेसह लिहून घ्या.